म्हसूचं पोरगं कुटं लिवलं

रिह्याच्या ओढ्यापल्याडचा म्हसू कोकरे मेंढरं मोजत नाही. त्याच्या आज्यानंही कधी मोजली नाहीत. जिवाचा आकडा तोंडातून काढू नये, असं त्यांच्या घरात मानतात. दिवस कलला की तो वाड्याच्या तोंडाशी उभा राहतो आणि आत शिरणारं एकेक तोंड बघतो. "मोरी न्हाई आली," एवढंच बोलतो, आणि काठी उचलून पुन्हा डोंगराला लागतो. साठी उलटली, गुडघा धरतो, पण ती मेंढी घावल्याबिगर भाकरीला शिवत नाही.

फेब्रुवारीत शाळेच्या अनसूयाबाई शिरगणतीला आल्या. मोबाइलवर लिहीत होत्या.

"घरात माणसं किती, मामा?"

म्हसूनं आकडा सांगितला नाही, नावं सांगितली. "मी म्हसू. ही तुकाबाई. आन् आमचा दादासाहेब."

"दादासाहेब इथंच राहतो?"

"जांब्याला. हिंजवडीच्या एका कंपनीत क्यान्टिनला हाय. सा वर्सं झाली."

"मग त्याला तिकडं लिहितील. इथं नाही लिहिता यायचं."

"पोरगं माजं, रेशनकार्ड हितलं, मत हितं. आन् लिवणार तिकडं?"

चुलीपासून तुकाबाई ओरडली, "लिवा की वो बाई! एका नावानं तुमचा मोबाइल फुटतुया व्हय?"

बाई हसल्या. मग ओसरीला टेकल्या आणि म्हणाल्या, "मावशी, माणूस राहतो तिथलं पाणी पितो. दुखलं-खुपलं तर तिथल्याच दवाखान्यात जातो. कुठं किती माणसं राहतात हे कळलं, तरच कुठं काय पुरवायचं ते ठरतं. त्यासाठी तर ही दारोदार फिरती. तुमचा मुलगा जांब्याचं पाणी पितो ना? मग तो जांब्यातच दिसला पाहिजे."

म्हसूला हे पटलं. पटलं म्हणूनच त्यानं पोराला फोन लावला.

"तुला लिवलं का रं?"

"खोलीच्या मालकानं सांगितलं आसंल, आबा. आमी कामावर व्हतो."

"काय सांगितलं?"

"खोलीत दोगं ऱ्हात्यात म्हून. आमी हाय सा जण. खरं सांगितलं तर घरपट्टी वाढंल म्हणतोय."

"त्या दोगांत तू हायेस का?"

"काय म्हाईत."

सकाळी मेंढरं तुकाबाईवर सोपवून म्हसू घोटवड्याच्या वाटेनं जांब्याला गेला. सहा वर्षांत पहिल्यांदाच. पोराच्या खोलीची चार मजली इमारत, एकेका मजल्यावर आठ दारं, दारांबाहेर चपलांचे ढीग. त्या चपला बघत तो पायरीवर बसून राहिला. दुपारी त्या गल्लीत मोबाइल घेऊन गणती करणाऱ्या पल्लवी मॅडम दिसल्या, तसा उठून त्यांना आडवा गेला.

"बाई, वरच्या खोलीत दोगं न्हाईत. खोटं लिवलंय."

मालक धावत आला. "म्हातारबा, तुमी मेंढरं राखा. माज्या इमारतीत कशाला नाक खुपसताय?"

तेवढ्यात दादासाहेब पाळी संपवून आला. बापाला बघून त्याचं तोंड उतरलं. "आबा, गप ऱ्हावा. खोली जाईल."

मॅडम मालकाला म्हणाल्या, "ही माहिती घरपट्टीसाठी कुणाला देत नाहीत. कायद्यानंच बंदी आहे."

"असंल. पर नावं सांगायची असतील तर पोरांनी खोली मोकळी करायची आन् मग सांगायची."

तरी सगळे जिना चढून खोलीच्या दाराशी आले. मॅडमनी मोबाइल हातात धरून दादासाहेबाकडं पाहिलं. पोराचं नाव म्हसूच्या ओठावर आलं होतं. त्यानं ते गिळलं. मेंढराला वळवून आणता येतं. सव्वीस वर्षांच्या माणसानं आपलं नाव आपणच सांगायला हवं.

दादासाहेबानं दाराबाहेरच्या चपलांकडं पाहिलं. मग म्हणाला, "लिवा मॅडम. दादासाहेब म्हसू कोकरे."

आतून एक बिहारी पोरगा पुढं आला. "मेरा भी लिखिए." त्याच्यामागनं बाकीचे आले. सहाच्या सहा नावं लिहून झाली.

म्हसू चहालासुद्धा थांबला नाही. घरी पोचला तशी तुकाबाईनं विचारलं, "दादा वाळलाय का वो? जेवतुया का नीट?"

"ते इचारायचंच ऱ्हायलं."

"मंग एवढ्या लांब गेला व्हता कशापायी?"

म्हसूनं पागोटं खुंटीला अडकवलं.

आठ दिवसांत मालकानं खोली खाली करून घेतली. सहाही पोरं पांगली. दादासाहेबाला शेजारच्या माण गावात जागा मिळाली, पण भाडं जास्त आणि पाण्याचा टँकर एक दिवसाआड. गावात पारावर लोक बोलायला चुकले नाहीत. "म्हसूनं पोराचा आसरा घालवला. मोबाइलातल्या एका नावासाठी!" म्हसू ते ऐकत मेंढरं घेऊन पुढं जायचा. रात्री मात्र त्याला झोप यायची नाही. शेवटी त्यानं फोन लावला.

"दादा, तुजी खोली माज्यापायी गेली."

पलीकडं भांड्यांचा आवाज चालला होता.

"न्हाई आबा. नाव मी सांगितलं."