मधला मोकळा दिवस

आमच्या मोठ्या बाई हजेरी घेताना मुलांची नावं घेत नसत, गावं घेत. "देवळा!" म्हटलं की एक पोरगं उठायचं, "सायखेडा!" म्हटलं की दुसरं. मी नवी लागले तेव्हा मला वाटलं, बाईंना नावं लक्षात राहत नसावीत. एकदा तसं बोललेही. चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "नावं वहीत असतात गं. पोरं सातपूरला येतात आणि वर्षभरात गाव सांगायला लाजायला लागतात. ती लाज मला नको." त्या स्वतः देवळ्याच्या. रागावल्या की अहिराणी बाहेर पडायची, "काय करी ऱ्हायना रे तू?" वर्ग हसला की त्याही हसायच्या.

नाशिकच्या सातपुरात, कारखान्यांच्या मागे आमची दोन खोल्यांची मराठी शाळा. बाई आणि मी, दोघींत चार वर्ग. आधी मनमाड, पेठ, सुरगाण्याकडून आलेल्या कामगारांची पोरं असायची. मग ते कामगार कायम झाले, त्यांनी फ्लॅट घेतले आणि त्यांची पोरं पिवळ्या बसमधून इंग्रजी शाळेत जायला लागली. माझी मुलगीही त्याच बसमध्ये होती. सांगून टाकते, उगाच सोवळं कशाला मिरवू? चाळीतल्या त्यांच्या रिकाम्या झालेल्या खोल्यांत बिहार-यूपीची माणसं आली, आणि हजेरीला सिवान, छपरा, गोंडा ऐकू येऊ लागलं. दोन-चार पोरांपासून सुरुवात झाली. शेवटच्या वर्षी पटावर सव्वीस पोरं होती, त्यांतली सतरा तिकडची.

मी कुरकुरायची. "बाई, ह्यांना आधी मराठी शिकवायचं की पाढे?" तर म्हणायच्या, "मी कुठे मराठी बोलत शाळेत गेले होते? मला कोणी हाकललं का?" आणि निवृत्तीला तीन वर्षं उरलेली असताना ह्या बाई भोजपुरी शिकायला बसल्या! गुरू कोण, तर दुसरीतल्या सोनमची आई. एखादं पोर आलं नाही की बाई त्याच्या दारात जाऊन ओरडायच्या, "काहे ना अइलू?" अख्खी चाळ बाहेर यायची. दिवाळीपर्यंत सोनम माझ्याशी मराठीत भांडायला लागली होती. "बाई, हे तुम्ही कालच शिकवलंय!"

फेब्रुवारीत पटपडताळणीचा फोन आला. शिक्षण खात्याचे साहेब येणार, हजर पोरं मोजणार. वीसच्या खाली भरली तर शाळा बंद. साहेब भला माणूस. म्हणाले, "दिवस तुम्हीच सांगा." बाईंनी कॅलेंडर काढलं. नाशकात रंग खेळायचा तो रंगपंचमीला. त्या दिवशी पोरं रंगाच्या हौदांवर, शाळेत चिटपाखरू नसतं. होळीचं आम्हाला काय! संध्याकाळी नैवेद्य दाखवला की संपली. म्हणून बाईंनी धुळवड आणि पंचमी यांच्यामधला मोकळा दिवस दिला. माझ्याकडे बघितलं. मी पंचवटीत जन्मलेली, मीही मान डोलावली. दोन शहाण्या बायका, आणि एकीच्याही डोक्यात आलं नाही की सतरा पोरांचा वर्षाचा सण होळीच आहे.

होळीच्या आठवडाभर आधी पोरं गावाला निघाली, बाक रिकामे व्हायला लागले, तेव्हा बाईंच्या लक्षात आलं. साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "बाई, तारीख तुम्हीच दिलीत, कागद वर गेला." मग बाई खोलीखोलीवर फिरल्या, मी मागे. सोनमची आई पिशव्या बांधत होती. बाईंनी तिचे हात धरले. हो, मोठ्या बाईंनी हात धरले! "चार दिन रुक जा गं, नाहीतर पोरीला तरी ठेव, माझ्या घरी राहील." ती बिचारी रडकुंडीला आली. "दीदी, टिकट कब का निकाला है। साल में एक बार तो जाते हैं। इसकी दादी राह देख रही है।" बाईंनी हात सोडले.

त्या दिवशी नऊ पोरं हजर होती. साहेबांनी दोनदा मोजली.

पुढचं आधीच सांगते, नंतर माझ्याच्यानं सांगवणार नाही. जूनमध्ये आमची शाळा हायवेपलीकडच्या शाळेत मिसळली. एवढ्या लहान पोरांना तो हायवे कोण ओलांडू देणार? सतरातली दोन तिथे गेली. बाकीची घरीच, कडेवर भावंडं घेऊन. सोनमही. बाईंनी दोन वर्षं आधीच नोकरी सोडली आणि देवळ्याला भावाकडे गेल्या. माझा फोन उचलत नाहीत.

पण एप्रिलमध्ये, पोरं गावाहून परतल्यावर, बाईंनी एक केलं. चार रिक्षा केल्या आणि ती सतराच्या सतरा पोरं साहेबांच्या कचेरीत नेऊन भिंतीला ओळीनं उभी केली. पोरांना वाटलं सहल आहे. सगळी तेल लावून, भांग पाडून आलेली. "साहेब, आता मोजा," बाई म्हणाल्या.

"बाई, असं नसतं. त्या दिवशीचा आकडा तोच आकडा."

"अहो, ही उभी आहेत ना तुमच्यासमोर! भुतं आहेत का?" बाई पोरांकडे वळल्या. "मोजा रे, तुम्हीच मोजा."

सोनमनं सुरुवात केली. एक. दोन. तीन. शुद्ध मराठीत, कुठेही न अडखळता. शेवटच्यानं "सतरा!" असं ठणकावलं की शेजारच्या खोलीतले कारकून दारात आले. साहेबांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "बाई, माझ्या हातात काही राहिलेलं नाही. न्या यांना."

खाली आल्यावर बाई पायरीवर बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या. सोनम पुढे आली, बाईंच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "बाई, आम्ही मोजायला चुकलो का?"

"नाही गं माझी बाय," बाई म्हणाल्या. "तुम्ही बरोबर मोजलं. मीच तुम्हाला मोजायला विसरले."