पूजेसाठी रंगवलेला पंप

पाना घसरला आणि थेट माझ्या डाव्या अंगठ्यावर आदळला. मी ओरडलो. पण कुणी वळूनही बघितलं नाही, कारण तीस पावलांवर गयाबाईच्या सोयाबीनची रचलेली सुडी पेटली होती आणि आमच्या आग पथकाच्या पंपाचं झाकण काही केल्या निघत नव्हतं.

न निघण्याचं कारण मला पक्कं ठाऊक होतं. ते झाकण मीच रंगवलं होतं. परवाच.

आमचं गाव आखाडा बाळापूरहून बरंच आत. आग लागली तर बंब तालुक्याहून यायचा. रस्ता बरा असला तरी पाऊण तास. तेवढ्यात सुडीची राख होते आणि ती गारसुद्धा होते. म्हणून गावानं स्वतःचं पथक उभं केलं. पगार नाही, वर्दी नाही. सामान म्हणाल तर ट्रॅक्टरमागचा पाण्याचा टँकर, त्यावर डिझेल इंजिनाचा पंप, दोन कॅनव्हासचे होज पाइप आणि धार फेकायची एक पितळी नळी. तिला फायरवाले ‘ब्रँच’ म्हणतात. पथकाचे प्रमुख देवराव काका, शहरातल्या फायर स्टेशनातून रिटायर होऊन गावी आलेले. सामानाची जबाबदारी माझी. बाळापुरात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. बावीस वर्षं मी पंप खोलतो आणि जोडतो. गाव मला मिस्त्री म्हणतं. त्या दिवशी दुसरंही बरंच काही म्हणालं.

खरं तर असा पंप टाकीच्या खाली बसवतात, म्हणजे पाणी आपोआप त्यात उतरतं. मी तो टाकीच्या वर बसवला. खाली बसवला असता तर कुणाला दिसला नसता. वरच्या पंपाला मग ‘प्रायमिंग’ लागतं. म्हणजे सुरू करण्याआधी पंपाच्या पोटात बाहेरून पाणी भरायचं. पोटात हवा राहिली की इंजिन कितीही बोंबलो, पाण्याचा थेंब ओढत नाही. हे पाणी भरायला पंपावर आट्यांचं एक झाकण असतं. तेच ते.

खंडेनवमीला आमच्याकडे अवजारं पूजतात. विळा, कुऱ्हाड, शिलाई मशीन, ट्रॅक्टर, सगळ्यांना हळदीकुंकू. पथकाचं पहिलंच वर्ष. पंप उठून दिसला पाहिजे म्हणून आदल्या दिवशी मी लाल ऑइल पेंटचा डबा आणला. इंजिन रंगवलं, पंप रंगवला. उरलेला रंग वाया कशाला घालवायचा म्हणून झाकणावरून ब्रश दोनदा फिरवला. रंग आट्यांत उतरला आणि निवांत वाळला.

दर गुरुवारी पंप चालवून बघायचा आणि तसं वहीत लिहायचं, हा देवराव काकांचा नियम. खंडेनवमी नेमकी गुरुवारी आली. पूजलेलं अवजार त्या दिवशी हलवू नये, असं आमची आई सांगायची. आईचे इतर नियम मी फारसे पाळलेले नाहीत, हा मात्र सोयीचा वाटला. त्यात झेंडूची माळ फार सुरेख बसली होती. मी पंपाला हात न लावता वहीत लिहिलं, ‘चालवून पाहिला. ठीक.’ खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या सकाळी, शेजारच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, कुणीतरी वाळलं गवत पेटवलं. वारं फिरलं आणि आग गयाबाईच्या सुडीला भिडली. चार एकरांचं सोयाबीन कापून, रचून, ताडपत्रीखाली झाकून ठेवलेलं. उद्या मळणीयंत्र यायचं होतं. बाईचं वर्षभराचं सगळं त्या एका ढिगात होतं.

आम्ही दहा मिनिटांत पोचलो. इथवर पथकाचं कौतुक करायला हरकत नाही.

“मिस्त्री, काय करून राहिले वर?” देवराव काका खालून ओरडले.

“झाकण जाम झालंय!”

“काल तर चालवला ना?”

मी ठेचलेला अंगठा तोंडात घातला. तोंडात अंगठा असला की उत्तर देता येत नाही.

देवराव काकांनी पुन्हा विचारलं नाही. त्यांनी टँकरच्या खालचा व्हॉल्व्ह उघडला. “बादल्या आणा रे! फवारणीचे पंप आणा, पण धुऊन आणा! पेटल्या बाजूला कुणी जायचं न्हाई. न पेटलेली बाजू भिजवा आन ओढून बाजूला काढा!”

लोक पळाले. बायकांनी घागरींची रांग लावली. त्यात माझी बायको मंदाही होती. पाठीवर फवारणीचे पंप अडकवून सातआठ जण उभे राहिले. पण ती धार पिकावर औषध मारायची. हत्तीला चमच्यानं आंघोळ घालावी तसं चाललं होतं. आग एकेक हात पुढे सरकत होती आणि मी वर बसून पान्यानं झाकणावर ठोके देत होतो. रंगाचे टवके उडत होते. झाकण तसंच.

एवढ्यात गयाबाई घागर घेऊन टँकरवर चढली. केस विस्कटलेले, तोंड काळं झालेलं.

“सरका बाजूला.”

“गयाबाई, झाकण निघत न्हाई...”

“मंग त्याच्या मागं काहून लागले? पुढचा पाइप काढा. तिथून ओतते पाणी.”

मी बघतच राहिलो.

“असं काय बघून राहिले? माझ्या विहिरीवरच्या मोटारीला मागच्या साली तुमीच तर दाखवलं. झाकण खराब झालं तर पुढून पाणी ओता म्हणले. तुमीच विसरले व्हय?”

बरोबर होतं. पंपातून पाणी जिथून बाहेर पडतं, तिथून आत ओतलं तरी पोट भरतं. आत घेणाऱ्या पाइपाच्या टोकाला झडप असते, त्यामुळे ओतलेलं पाणी खाली निघून जात नाही. बाहेरची जोडणी पितळेची होती. पितळेवर रंग शोभत नाही म्हणून मी ती नुसती चिंचेनं घासली होती. एका झटक्यात सुटली. गयाबाईनं दोन घागरी ओतल्या. मी होज पाइप जोडला, हँडल मारलं. इंजिन धडधडलं, पाइप फुगला आणि ब्रँचमधून धार सुटली.

पहिली धार सरपंचांच्या दसऱ्याच्या नव्या कपड्यांवर गेली. ब्रँच माझ्या हातात नव्हती, हे मुद्दाम सांगून ठेवतो. दुसरी धार मात्र नेमकी आगीवर बसली.

अर्ध्या तासात आग विझली. सुडीचा तिसरा हिस्सा जळाला होता. बाकीचं वाचलं, पण चिंब भिजलं. गयाबाई काळ्या झालेल्या शेंगा मुठीत घेऊन ढिगापाशी बसली.

सरपंच निथळत पुढे आले. “या पंपातच खोट दिसते. कंपनीची तक्रार लिहून देतो मी. मिस्त्री, तुमी फक्त सही करा. नवा मागून घेऊ.”

काय सुंदर वाट होती! कंपनी दूर कुठेतरी, मी इथे. एक सही केली की सुटलो. त्या आठवड्यात एक खोटी सही मी केलीच होती, दुसरी जड गेली नसती. देवराव काका माझ्याकडे बघत होते.

गयाबाईनं मान वर केली. “व्हय मिस्त्री? कंपनीचीच चूक हाये का?”

तिच्या मुठीत त्या शेंगा होत्या. मी म्हणालो, “न्हाई. पंप चांगला हाये. झाकण मी रंगवलं, म्हणून ते जाम झालं. आन काल मी पंप चालवलाच न्हाई. वहीत खोटं लिहिलं.”

सरपंचांनी शर्ट पिळायचं थांबवलं. गयाबाई उठली. आता मुस्काटात बसणार, असं मला वाटलं. बसली असती तर तक्रार नव्हती.

“रंग मात्र झकास दिला,” ती म्हणाली. “उद्या सकाळी सातला या. सगळं पसरून वाळवायचं हाये. ताडपत्री तुमची. उन्हात उभं राहून हलवायचं बी तुमीच.”

तीन दिवस मी सोयाबीन हलवलं. पहिल्या दिवशी एकटाच होतो. दुसऱ्या दिवसापासून पथकातले सगळे आले आणि फुकटात माझी टिंगल करून गेले. चौथ्या दिवशी मळणी झाली. दाणा थोडा काळवंडला होता, पण निघाला.

आता पंप टाकीच्या खाली आहे. कुणाला दिसत नाही. झाकणाला रंग नाही, ग्रीस आहे. दर गुरुवारी देवराव काकांच्या डोळ्यांदेखत तो चालतो, सण असो वा नसो. आधी चालवायचा, मग पूजायचा. बावीस वर्षांच्या धंद्यानं जे शिकवलं नाही, ते एका डब्यातल्या उरलेल्या रंगानं शिकवलं.

मळणीच्या संध्याकाळी मी ओसरीवर पाय शेकत बसलो होतो. मंदानं चहा आणून ठेवला आणि माझ्याकडे जरा निरखून बघितलं. मला वाटलं, आता कौतुक करते.

ती म्हणाली, “चार लोकांत चूक कबूल करता येते की तुमाला. मंग घरातच काहून तकलीफ होते?”