कोळशातला दगड

मी इंग्लंडला निघालो त्या दुपारी कोराडीच्या क्वार्टरसमोर ऑटो उभा होता आणि सीटवर नेहमीसारखी राख. बाबांनी दुपट्ट्याने ती झटकली, बॅग ठेवली आणि बोटांच्या पेरांनी माझ्या पाठीवर दोनदा ठोकलं. "पक्का कोळसा आहे गा," असं म्हणून हसले.

बाबा वीज केंद्रात कोळशाच्या सरकत्या पट्ट्यावर कामाला होते. कोळशासोबत येणारे दगड वेचून काढणं हे त्यांचं काम. धुळीने दोन्ही सारखेच काळे दिसतात. बाबा तुकडा हातात तोलायचे, शंका आली की हातोडीने ठोकायचे आणि आवाजावरून सांगायचे. "कोळसा आतूनबी काळाच रायते. दगड तेवढा वरून काळा." त्यांच्या तोंडी कोळसा म्हणजे अस्सल माल.

त्या दुपारी मला मात्र हसू आलं नाही. कोळसा हा शब्द माझ्यासाठी नंदनवन नावाच्या वस्तीत नासला होता. तिथे मोठे बाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, राहायचे. कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. मी दहावीत असताना त्यांच्याकडे महालक्ष्म्यांचं जेवण होतं. भरल्या पंगतीतून त्यांनी मला उठवलं.

"तुझा बाप म्हणते, पोरगं इंग्रजीत पहिलं आलं. इनबीइंग म्हणजे काय, सांग."

मी ताटाकडे पाहू लागलो.

"वस्तूचं अंतरंग. तिचं आतलं सत्त्व. याले म्हणते इंग्रजी." मग बाबांकडे वळून म्हणाले, "तुझं पोट्टं कोळसा आहे गा. वरून काळं, आतूनबी काळं."

पंगत हसली. कढी वाढता वाढता बाबाही हसले. त्या हसण्याची माफी मी मोठ्या बाबांना कधीच दिली नाही.

कोणी शिकायला जातं, कोणी कमवायला. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे गेलात, ते आपापली कारणं जाणता. मी एका माणसाला हरवायला गेलो. लीड्सच्या वेअरहाऊसमध्ये बावीस वर्षं काढली, शिफ्टवाल्याचा सुपरवायझर झालो, मुलींना इंग्रजीत झोपवलं. आणि सकाळी गाडी चालवताना एकच वाक्य घोटत राहिलो, ज्याने मोठ्या बाबांना चारचौघांत उभं करायचं होतं.

मागच्या हिवाळ्यात मी भारतात गेलो, तेव्हा मनीषनगरच्या एका हॉलमध्ये त्यांची पंचाहत्तरी झाली. शाल, श्रीफळ, समोर त्यांचे जुने विद्यार्थी. मी माईक घेतला आणि गोड आवाजात म्हणालो, "मोठे बाबा, तुम्ही मला एक शब्द शिकवला होता. इनबीइंग. त्याचा अर्थ सगळ्यांना सांगा ना."

त्यांनी तोंड उघडलं. शालीचे गोंडे चाचपले. मग मोठ्या आईला विचारलं, "हे कोणाचं पोट्टं आहे वं?"

हॉल हसला. मग हसणं एकेका रांगेतून विझत गेलं. मोठी आई उठली आणि नवऱ्याच्या खुर्चीला धरून उभी राहिली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही.

परतताना ऑटोत बाबा म्हणाले, "तुले ठाऊक नव्हतं, म्हणून झालं. त्याले आता घरचा रस्ताबी आठवत नाही." मी मान हलवली.

तोंडाने जमलं नाही म्हणून इथे लिहितो. मला ठाऊक होतं. चुलतभावाने दिवाळीतच फोनवर सांगितलं होतं की मोठे बाबा सगळं विसरून राहिले. त्याच दिवशी मी तिकीट काढलं. त्यांना आठवत असतं तर त्यांनी झटकन उत्तर दिलं असतं आणि मी पुन्हा हरलो असतो. आणखी एक सांगायचं आहे. त्यांचं तोंड उघडं राहिलं तेव्हा मला आनंद झाला. तो अजून पुरता गेलेला नाही.

पंगतीत मोठे बाबा चुकले होते. मी कोळसा नव्हतोच.

इथे खिडकीवर राख साचत नाही. मी कसा आहे, हे कोणी ठोकून पाहत नाही. रविवारी बाबांचा फोन येतो. "बोल गा, आवाज ऐकू दे." मी थंडीचं सांगतो, मुलींच्या शाळेचं सांगतो. पलीकडे ते ऐकतात. माझं घर आता तेवढंच उरलं आहे: आयुष्यभर आवाजावरून दगड वेचलेला कोराडीतला तो कान.

मागच्या रविवारी माझी दोनच वाक्यं ऐकून त्यांनी फोन ठेवला.