सरांचं आठशे मीटर

पाटोद्याला ज्या अकॅडमीत मी पोलीस भरतीची तयारी करत होते, तिथल्या सरांना भविष्य सांगायची भारी हौस. पोरीला शंभर मीटर पळवायचे, घड्याळ बघायचे आणि ती आठशे मीटर कितीत पळेल ते तिथंच जाहीर करायचे. शंभरचं आठपट, वर थोडं थकव्याचं, एवढंच त्यांचं शास्त्र. टायमिंग भरतीत बसणारं नसलं की सगळ्यांसमोर म्हणायचे, "नवरी, मेंदी काढ आता." पोरी खो खो हसायच्या. मीही हसायचे.

शंभरात मी कायम शेवटची, म्हणून ‘नवरी’ हे माझंच नाव पडलं. माझं अंग उशिरा तापतं. आठशेत बाकीच्या धापा टाकायला लागल्या की मी एकेकीला मागं टाकायचे. पण ते बघायला सर कुठं थांबायचे? तोवर ते हॉटेलात चहा ढोसत असायचे.

घरी ठरलं होतं, ही भरती शेवटची. नाहीतर लग्न; स्थळ आलेलंच होतं. बीडला मैदानी चाचणीसाठी निघाले, त्या सकाळी दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सरांना फोन लावला. सर मोठ्यानं बोलत होते, मला शब्द न् शब्द ऐकू आला. "पोरगी कष्टाळू हाय, पण बसत न्हाई. कशाला तिचं वय घालवता? सोयरीक आली आसंल तर हो म्हणा."

आठशेत त्या दिवशी मी माझ्या गटात पहिली आले. पूर्ण मार्क. शंभरात थोडे मार्क गेले, पण गोळाफेकही जमली. रडत रडतच घरी फोन केला.

"दादा, मी बसले! आता लेखीच ऱ्हायली."

दादा म्हणाले, "दुपारीच सुपारी फुटली बाई. चार मानसांत शब्द दिलाय."

लेखी परीक्षा नेमकी हळदीच्या दिवशी आली. सासरचे तारीख हलवेनात आणि दादा त्यांच्यापुढं तोंड उघडेनात. त्या दिवशी दादांचा मला जो राग आला, तो अजून गेलेला नाही.

लग्नाला सर आले. पंगतीत दादांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मी म्हनलंच होतं, बसणार न्हाई." दादांनी मान हलवली.

मी समोरच बसले होते, नवऱ्यानं भरवलेला घास तोंडात. तो सरांच्या तोंडावर थुंकावा असं फार वाटलं. गिळला.