जिन्याखालची एक्केचाळीस नंबरची खोली

पेंटरकाकांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या दारांवर नंबर टाकले. स्वतःचं दार मात्र सत्तरी ओलांडली तरी नशिबी आलं नव्हतं. भाड्याची खोली मालकानं महिनाअखेर रिकामी करायला सांगितली, आणि नेमकी त्याच आठवड्यात कचेरीची चिठ्ठी आली. म्हाताऱ्यांसाठी बांधलेल्या स्वस्त भाड्याच्या इमारतीत खोली मिळावी म्हणून काकांनी सात वर्षांपूर्वी अर्ज केला होता. खोली नंबर एक्केचाळीस मंजूर झाली होती.

काकांनी चिठ्ठी दोनदा वाचली. त्या इमारतीतले नंबर त्यांनीच टाकलेले, आणि खोल्या होत्या चाळीस. पण पेंटर खोल्या थोडाच मोजतो? तो दारं मोजतो. जिन्याखाली झाडू ठेवायच्या कपाटालाही दार होतं. ब्रश भरलेला होता, हात चालू होता, एक्केचाळीस पडून गेला. कचेरीनं तो इमानेइतबारे वहीत उतरवला.

आता खरं सांगावं तर रस्त्यावर यायची पाळी. काकांनी मुकाट्यानं झाडू एका कोपऱ्यात सारले आणि वळकटी आत टाकली.

कपाट चार फुटांचं, काका साडेपाच. आडवं व्हायचं तर दार उघडं ठेवून पाय बोळात काढावे लागत. दुपारी शेजारी "जरा हं, काका" म्हणत त्यांना ओलांडून जात. पंधराव्या दिवशी कचेरीतल्या बाई टेप घेऊन आल्या.

"काका, तुमचे पाय सार्वजनिक जागेत येतात."

"मग काय कापून ठेवू?"

"चिडू नका हो. गुडघ्यापर्यंतचे तुम्ही मंजूर आहात. पायांसाठी वेगळा अर्ज करा."

"आणि तो कधी मंजूर होणार?"

"ते मी कशी सांगू? शिवाय जागेला नंबर हवा. बिननंबरी जागा आम्ही कुणाला देत नाही."

बाई मनानं वाईट नव्हत्या. जाताना त्यांनी काकांच्या पायांवरचं पांघरूण नीट केलं.

काकांनी रंगाचा डबा उघडला. बोळातल्या फरशीवर, बरोबर पायांच्या जागी, त्यांनी सुरेख वळणाचा बेचाळीस काढला. दोन हात दिले. मग पायांचा अर्ज नेऊन दिला. आठवड्याभरात बेचाळीस वहीत चढला. शेजारीही समजूतदार. ते आता बेचाळीसला वळसा घालून जाऊ लागले. काका हरखून गेले. या वयात पाय पसरायला हक्काची जागा मिळणार होती!

बेचाळीसची चिठ्ठी निघाली, पण ती दुसऱ्याच कुणाच्या तरी नावानं.

सकाळी एक म्हातारी शिवणकाम करणारी बाई शिलाई मशीन पोटाशी धरून बोळात उभी राहिली. यादीत ती काकांच्या दोन वर्षं आधीची. सुनेनं घराबाहेर काढल्यापासून बसस्टँडवर राहत होती.

"बेचाळीस हेच ना हो?" तिनं विचारलं. "आणि हे पाय कुणाचे?"

काकांना रडू यायचंच बाकी होतं. हा आकडा आपल्याच हातचा, इथे खोलीबिली काही नाही, असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं. तेवढ्यात बाईनं मशीन खाली ठेवलं, चपला काढल्या आणि उंबरठा असावा तशी जपून आकड्यावर पाऊल टाकून आत आली.

काकांनी गुडघे हनुवटीपर्यंत ओढून घेतले.

"हेच. या, ताई."

"आणि तुम्ही कसे झोपणार?"

"त्रेचाळीसचा रंग वाळेपर्यंत बसून," काका म्हणाले आणि ब्रश शोधू लागले.