तो कापूस मी वेचला नव्हता

मुंबईच्या बंदराजवळ एका सूत कंपनीच्या मुख्य कचेरीत माझा सत्कार झाला, हे आमच्या झरी गावात सगळ्यांना ठाऊक आहे. तो चुकीच्या माणसाचा झाला, हे आता लिहितो.

कंपनीने आमच्या भागातला सगळ्यात स्वच्छ कापूस निवडला होता. सातबारा माझ्या नावावर, म्हणून बोलावणंही माझ्याच नावावर आलं. वेचणी मात्र बायकोची. दव वाळल्याशिवाय ती बोंडाला हात लावायची नाही. कापसात केस जाऊ नयेत म्हणून डोक्याला फडकं बांधायची, पाचोळा जागच्या जागी काढायची. मी फक्त गाडी भरायला जायचो.

सत्काराला बायकोही आली. कचेरीची लिफ्ट सुटली आणि कानाला दडे बसले. आम्ही दोघं म्हातारे एकमेकांना धरून खुळ्यासारखे हसत सुटलो. एकतिसाव्या मजल्यावर भिंतच काचेची! खाली समुद्र, जहाजं. बायको काचेला नाक लावून ओरडली, "आवं, घार आपल्या खालून उडायलीय! पाठ दिसायलीय तिची!"

तेवढ्यात मोठे साहेब आले. शाल, हार, फोटो.

"काका, इतका स्वच्छ कापूस कसा वेचता?"

मला उंची चढली होती. म्हणालो, "लय सोपं हाय साहेब. पहाटे दवातच वेचायचा."

बायकोने पदर तोंडात कोंबला. तिचे खांदे गदगदत होते. साहेब हसले, मीही हसलो. 'हिला विचारा' एवढं मात्र माझ्या तोंडून निघालं नाही.

खाली रस्त्यावर ती म्हणाली, "दवातला कापूस पिवळा पडतो, शेतकरी!" नंतर तिने कधी विषय काढला नाही. मीही नाही. पण गावात कुणी शाबासकी दिली की मी तिथून काढता पाय घ्यायचो.

यंदा साहेबांचा फोन आला. सेलूत बायांना वेचणी शिकवायची होती, मला बोलावत होते.

"साहेब, मला येत न्हाई. मी खोटं बोललो. जिनं वेचला तिला फोन देतो."

तिने सगळं ऐकून घेतलं. "येते की. फकस्त एक खुर्ची जादा ठिवा. आमच्या घरात बी एक शिकायचा राह्यलाय."

सेलूत साठ बायांत मी एकटा गडी. तिने मला सगळ्यांसमोर उभं करून हातात बोंडं दिली. तीनदा वेचून दाखवला, तिन्ही वेळा कापसात पाचोळा राहिला. बाया पोट धरून हसल्या, ती तर खालीच बसली. मी मुद्दाम चुकलो नाही, हेही इथे नोंदवून ठेवतो.