दुर्गीची आई येईस्तवर

म्हाताऱ्या माणसांच्या घरात दोन गोष्टी फार साठतात. एक चिंध्या आणि दुसरे किस्से. दोन्ही टाकवत नाहीत. चिंध्यांची निदान वाकळ शिवता येते. किश्शांना मात्र ऐकणारं माणूस लागतं, आणि आमच्या गावात दसरा झाला की तेच उरत नाही. सगळी तरणी माणसं ट्रकात बसून ऊसतोडीला जातात, लांबच्या साखर कारखान्यांवर. परत येतात ती पाडव्याच्या आगंमागं. तोवर गावात आम्ही म्हातारे, आमची नातवंडं आणि कुत्री. कुत्र्यांनाही मी काही किस्से सांगून पाहिले. ती निम्म्यातून उठून जातात.

आता सांगते ते सगळे एकाच सालचे. दुष्काळाचं साल होतं. माझी नात दुर्गी नुकती नीट बोलायला लागली होती. आधी सून तिला बरोबरच न्यायची, पण उसाच्या फडात लेकरू पाचटावर निजवायचं आणि विंचवाच्या भ्यानं दिवसभर मागं बघत तोडायचं, ह्याला ती विटली. त्या साली पहिल्यांदाच दुर्गीला आमच्याकडं ठेवली.

ट्रकात चढताना सून सुमन मला म्हणाली, "आत्या, तिच्या खान्यापिन्याचं मी काय बी म्हनत न्हाई. माझी वळख तेवढी ऱ्हाऊ द्या तिला."

मी म्हणाले, "येडी का काय तू. लेकराला आई शिकवावी लागती व्हय?"

दुर्गीनं रडून गाव गोळा करू नये म्हणून आमच्या म्हाताऱ्यांनी, म्हणजे तिच्या आबांनी, तिला मागं गोठ्यात वासराकडं नेलं होतं. ट्रक गेला, धुरळा खाली बसला, तेव्हा दोघं पुढं आली. दुर्गीनं रस्त्याकडं पाहिलं.

"आजी, कोन गेलं गं?"

म्हातारे मला म्हणाले, "सांग आता."

*

लेकरू म्हाताऱ्यांत ठेवलं की म्हाताऱ्यांना वाटतं आपण तरणे होऊ. होतं उलटंच. महिनाभरात दुर्गी उठताना गुडघ्यावर हात टेकून "अगं आई गं" म्हणायला लागली. घरात शिरायच्या आधी आबासारखी दारात खाकरायची. ताटात भाकरी पडली की आधी म्हणायची, "कडक हाय का मऊ?" सगळे दात शाबूत होते तिचे.

एकदा अंगणवाडीच्या बाई लेकरं बघायला आल्या. दुर्गी ओट्यावर भिंतीला टेकून, पाय पसरून बसलेली.

बाईंनी गोड आवाजात विचारलं, "काय गं दुर्गे, किती वर्षांची झालीस?"

दुर्गीनं सुस्कारा सोडला. "लई झालं बाई आता. काय ऱ्हायलंय."

*

कार्तिकात मी तिला कपिलधारच्या यात्रेला नेलं. देवाला दोन गोष्टी मागायच्या होत्या. एक पाऊस आणि दुसरी सुमनची ओळख. देवाला गर्दीत सगळंच ऐकू जात नसणार, म्हणून ओळखीचं आधी मागायचं ठरवलं. पाऊस काय, तो सगळेच मागत होते.

जीपमध्ये वाटभर मी दुर्गीला सांगत होते, "तिथं डोंगरावरनं पानी पडतं. कुनी वतत न्हाई, आपलं आपलं पडतं. बघच तू."

जाऊन बघतो तर कडा कोरडाठाक. पाणी पडायचं त्या जागी खडकावर नुसता काळा पट्टा. दुर्गी मान वर करून लई वेळ बघत राहिली. पाणी डोक्यावरून आणायचं आणि टँकरनं यायचं, एवढंच तिला ठाऊक.

"आजी, हितं टँकर आला न्हाई वाटतं आजून."

शेजारी परक्या गावच्या बाया उभ्या होत्या. त्या खो खो हसल्या. मग एकीनं पदरानं तोंड पुसलं आणि कोरड्या कड्याला हात जोडले.

*

गावात फोन एकच होता, दूध सोसायटीत. काळा, जड. सुमन कारखान्याच्या नाक्यावरून फोन करायची तो बरोबर दूध घालायच्या वेळेला. म्हणजे सगळं गाव किटल्या घेऊन रांगेत उभं, आणि त्यांच्यासमोर बोलायचं.

पहिल्यांदा फोन आला तेव्हा मी दुर्गीला टेबलावर बसवलं, कानाला फोन लावला.

तिकडून सुमन म्हणाली, "दुर्गे, जेवलीस का?"

दुर्गीनं मान हलवली.

"आजीला तरास न्हाई ना देत?"

दुर्गीनं आडवी मान हलवली.

"माझी सय येती का गं?"

दुर्गी मान हलवीतच राहिली, हलवीतच राहिली. तिकडं सुमनला काहीच ऐकू येईना. मी फोन घेतला तर ती म्हणते कशी, "आत्या, कावून बोलत न्हाई ती? इसरली का मला?"

मी म्हणाले, "अगं, बोलतीय की. मान हालवून बोलतीय."

"मंग ते मला हितं कसं दिसावं, आत्या?"

रांगेतल्या म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या. पलीकडं फोन ठेवल्याचा आवाज आला.

दुर्गीच्या मनानं मात्र घेतलं की आई त्या काळ्या डब्यात राहते. डेअरीवरून जाताना ती खिडकीत तोंड घालून विचारायची, "आई उठली का?" सोसायटीचा सचिव भला माणूस, तो म्हणायचा, "निजलीय, जा तू." मग एका सकाळी त्याचाच निरोप आला, लगेच या म्हणून. मी गेले. दुर्गी टेबलापाशी उभी, हातात रिकामी वाटी. फोनच्या तोंडातून दूध गळत होतं.

सचिव म्हणाला, "काकू, तुमच्या नातीनं सोसायटीचा फोन नासविला."

दुर्गी म्हणाली, "आईला भूक लागली व्हती."

तो फोन नीट व्हायला शिमगा उजाडला. तोवर सुमनचा आवाज नाही. मी रोज दिवेलागणीला दुर्गीला विचारायचे, "तुझी आई कुठं हाय?" आधी ती "कारखान्याला" म्हणायची. मग नुसतं "तिकडं" म्हणायला लागली. मग एक दिवस म्हणाली, "कोनाची?"

*

पाण्यापाठोपाठ चाराही संपला, तेव्हा जनावरांची छावणी निघाली, आमच्या गावापासून लांब माळावर. आमचे म्हातारे दोन बैल, गाय आणि वासरू घेऊन तिकडंच राहायला गेले. जनावरामागं मोजून चारा मिळायचा, आणि जनावराजवळ कोणीतरी लागायचंच. घरात मी आणि दुर्गी. दोन माणसांच्या भाकरी थापायला बसलं की पीठ मळता मळताच संपायचं.

आठवड्याच्या बाजाराला मी दुर्गीला घेऊन छावणीत जायचे. म्हातारे बैलांच्या शेजारी बाजेवर बसलेले असायचे. वर फाटकी ताडपत्री. दाढी वाढलेली. बोलायची सवय मोडली होती त्यांची. मी काही विचारलं तर नुसतं "हं" म्हणायचे, बैलाला म्हणावं तसं.

एकदा आम्ही बसलेलो असताना जनावरं मोजायला साहेब आले. बरोबर दोघं-तिघं. साहेब दावणीवरून बोट फिरवत निघाले, "बैल, बैल, गाय, वासरू." आणि पुढं सरकले.

दुर्गीनं धावत जाऊन त्यांची पँट धरली. "अवो, आमचे आबा ऱ्हायले की. ते बी हितंच बांधल्यात."

साहेब आमच्या म्हाताऱ्यांकडं बघतच राहिले. म्हातारे बाजेवरून म्हणाले, "लिवा साहेब. मी कडबा बी खातो."

महिन्यानंतर त्यांचं हसणं ऐकलं मी. जाताना दुर्गीनं त्यांच्यापुढं एक वैरणीची काडी ठेवली, आणि आम्ही निघालो.

*

आमच्या शेजारी गोदा राहायची. माझ्याच वयाची. तिचे दोन्ही लेक नातवंडांसकट ऊसतोडीला जायचे. गोदाचं घर म्हणजे ती आणि कुलूप.

ती दुपारी दारात येऊन उभी राहायची, विरजण मागायला यावं तशी. "दुर्गी देती का गं जरा? सांजच्याला आनून देते."

मी द्यायचे. सांजेला दुर्गी परत यायची ती वेणी घालून, काजळ लावून, मुठीत गुळाचा खडा. मी म्हणाले, "गोदे, रोज गूळ नगं देत जाऊ."

"वाटी परत देताना रिकामी देती का तू?" गोदा म्हणाली. "मंग लेकरू रिकामं कसं धाडू?"

एका सांजेला दुर्गी झोपूनच आली, गोदाच्या खांद्यावर. मी हात पुढं केले. गोदानं लगेच दिली नाही. म्हणाली, "आगं, निजलीय. उठंल." आणि माझ्याच दारात, माझ्याच नातीला घेऊन, दिवा लावायची वेळ टळून गेली तरी उभी राहिली. मीही मागितली नाही.

*

टँकर यायचा तो विहिरीत पाणी सोडून जायचा. मग आम्ही पोहरे टाकून शेंदायचो. कमरा वाकलेल्या पंधरा-वीस म्हाताऱ्या, आणि प्रत्येकीच्या पायात एकदोन नातवंडं. एकदा त्या गर्दीत दुर्गीचा हात सुटला. पलीकडून तिची किंकाळी आली, "आये!"

लेकराची तशी हाक आली की आई वळून बघते. त्या दिवशी विहिरीवर आई एकही नव्हती. सगळ्या म्हाताऱ्या वळल्या.

मी पुढं होऊन तिला उचललं. म्हणाले, "आजी म्हनावं, दुर्गे. आजी." ती माझ्या गळ्यात तोंड घालून पुन्हा तेच म्हणाली. गोदा पोहरा ओढत म्हणाली, "म्हनू दे की गं. ऐकायला कोन हाय हितं?"

तेच तर. मी दुर्गीला तशीच कडेवर घेतली आणि घागर दुसऱ्या कडेला. घराकडं निघाले.

*

पाडव्याच्या सुमारास ट्रक आले. सुमन उतरली. ऊस तोडून येणारं माणूस वाळून काळं पडूनच येतं, त्यात नवं काही नाही. दुर्गी माझ्या लुगड्यामागं गेली. मी ओढून पुढं केलं तर जास्तच आत शिरली.

सुमन रडली नाही. म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, आत्या. वढू नगा तिला."

मग चार दिवस दुर्गी तिच्याशी पाहुण्यासारखं वागली. मला हळूच विचारायची, "आजी, त्या बाईला भाकर दिली का?" आणि "ती बाई कवा जानार?" सुमन चुलीपुढं बसून सगळं ऐकायची. मला वाटायचं, तिनं मला चार शब्द बोलावेत. ती आपली पुढची भाकरी थापायची.

पाचव्या की सहाव्या दुपारी सुमन ओसरीवर उघड्या भुईला आडवी झाली होती. तळव्यांना भेगा पडलेल्या. दुर्गी येऊन तिच्या पायांशी बसली आणि तळवे दाबायला लागली.

"लई चाललीस व्हय, बाई?"

सुमननं डोळे उघडले नाहीत. "लई."

"कुठनं आलीस?"

"कारखान्यावरनं."

"तिथं माझी आई हाय. भेटली व्हती का तुला?"

मी आत ज्वारी निवडत होते. माझा हात सुपातच राहिला.

सुमन म्हणाली, "भेटली की."

"काय म्हनली?"

"म्हनली, दुर्गीला सांगा, मी निघालेच."

दुर्गीनं दुसरा पाय मांडीवर घेतला. "बरं झालं. तवर तू ऱ्हा हितं."

*

कधी कळलं तिला, कसं कळलं, ते मला सांगता येणार नाही. मी पाळत ठेवून होते, तरी सुटलं माझ्या नजरेतून. छावणी उठली, म्हातारे जनावरं घेऊन घरी आले, तोवर दुर्गी सुमनच्या ताटात जेवायला लागली होती. मागं लागून लागून "आई, आई" करायची. गोदा दारात यायची आणि तशीच परत जायची. मी एकटीच झोपायला लागले, तर बाज केवढी मोठी वाटायची.

एक दिवस मुकादम येऊन गेला, पुढच्या हंगामाला नावं सांगा म्हणून. तो गेल्यावर आम्ही जेवायला बसलो. माझा लेक, सुमन, म्हातारे, मी. दुर्गी सुमनला टेकून बसली होती.

ती म्हणाली, "आई, अवंदा तू नगं जाऊ. आजीला धाडू."

म्हातारे म्हणाले, "आगं, आजीला ऊस तोडाय जमंल का?"

"मंग दमानं तोडंल," दुर्गी म्हणाली.

लेक ताटात बघायला लागला. सुमननं दुर्गीच्या पाठीवर हात ठेवला, पण तिला गप म्हणाली नाही.

मी म्हणाले, "जाईन की. कवा निघायचं?"

दुर्गीनं हातातला घास ताटात ठेवला. उठली. कोपऱ्यातून माझ्या चपला उचलून आणल्या आणि उंबऱ्याबाहेर मांडल्या, नीट, शेजारी शेजारी, तोंडं रस्त्याकडं करून.